म्हाताऱ्या उपग्रहावरचा रसायनशास्त्राचा तास

लातुरात राहून भूगोल शिकवणं हा काही सोपा धंदा नाही. बापूसाहेब निटूरकरांनी तो नोकरीभर इमानेइतबारे केला. गावात एकीकडे फिजिक्सवाल्या सरांच्या दारात गाड्यांच्या रांगा लागत, केमिस्ट्रीवाल्या सरांचे फोटो चौकाचौकात फ्लेक्सवर झळकत, आणि बापूसाहेब रस्त्यानं चालले की पालक नमस्कार करून विचारत, "सर, गणिताला चांगलं कोण हाय हो?" भूगोलाची शिकवणी कुणी लावत नाही. शाळेतसुद्धा त्यांचा तास जेवणाच्या सुट्टीनंतरचा. नकाशांचं पुस्तक आकारानं मोठं असतं, त्याच्या आड गणिताची वही आरामात मावते, हा भूगोलाचा एकमेव उपयोग पोरांनी शोधून काढला होता. बापूसाहेबांना ते दिसत नसे असं नाही. पण त्यांनी कधी कुणाचा कान धरला नाही, कारण खरं सांगायचं तर त्यांचं स्वतःचं चित्तही वर्गात नसे. ते गच्चीवर असे.

गच्चीवर बापूसाहेबांचा रेडिओ होता. गाणी ऐकायचा नव्हे, बोलायचा. जगात काही हौशी माणसं अशी असतात की सरकारची परीक्षा देऊन, परवाना काढून, स्वतःच्या घरातून बिनतारी यंत्रावर देशोदेशीच्या अनोळखी लोकांशी बोलतात. त्यांना हॅम म्हणतात. बोलून काय मिळतं, असं त्यांना विचारू नये. बापूसाहेबांच्या पत्नी चंद्रप्रभाबाईंनी ते लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी एकदा विचारलं होतं, आणि उत्तर ऐकता ऐकता दूध उतू गेलं होतं.

हा नाद त्यांना लागला किल्लारीत. त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे भूकंप झाला, तारा तुटल्या, फोन मुके झाले, तेव्हा ठिकठिकाणचे हॅम आपापले संच घेऊन धावून आले. त्यातले एक देगलूरचे व्यंकटराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना वाट दाखवायला, भूगोलाचे सर म्हणून, लोकांनी बापूसाहेबांना जीपमध्ये बसवलं. बापूसाहेबांना व्होल्गा नदीच्या उपनद्या तोंडपाठ होत्या, पण औशाच्या पुढे गोंधळ झाला आणि जीप तुळजापूरच्या रस्त्याला लागली. व्यंकटराव शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पोरांचं कसं हो व्हत असंल?" आणि त्यांनी जीप वळवून घेतली.

मग किल्लारीच्या तंबूत बापूसाहेब व्यंकटरावांच्या शेजारी बसले आणि माणसं सांगतील ते निरोप कागदावर उतरवून देऊ लागले. ग्यानोबा नावाचा एक शेतकरी आला. हिमायतनगरला दिलेल्या लेकीला त्यानं निरोप सांगितला: तुझी आई गेली, मी हाय, तू येऊ नको, इथं घर न्हाई. व्यंकटरावांनी तो यंत्रात जसाच्या तसा सांगितला. दुसऱ्या दिवशी तिकडून तिचं उत्तर आलं: निघाले आहे. ते वाचून दाखवताना बापूसाहेबांचा आवाज फुटला. ते तंबूच्या मागे जाऊन लहान पोरासारखे रडले. व्यंकटरावांनी त्यांना रडू दिलं, आणि मग म्हणाले, "आता तुमी बी शिका हे." व्यंकटरावांनीच त्यांना शिकवलं, परीक्षेला बसवलं, पहिला संच जोडून दिला. तेव्हापासून बापूसाहेब त्यांना अण्णा म्हणू लागले, आणि अण्णांचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही.

आता तो शब्द काय होता ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

चौऱ्याहत्तर साली हौशी रेडिओवाल्यांनीच जोडलेला एक छोटा उपग्रह आकाशात सोडला गेला होता. नाव ऑस्कर-सात. खालून बोललेलं तो एका लहरीवर ऐकतो आणि दुसऱ्या लहरीवर खाली परत सांगतो, एवढंच त्याचं काम. व्यंकटराव भर उमेदीत त्याच्यावरून बोलले होते. एक्याऐंशी साली त्याची बॅटरी बिघडली आणि तो गप्प झाला. मेला म्हणून सगळ्यांनी सोडून दिला. वीस-एकवीस वर्षं तो तसाच मुका फिरत राहिला आणि दोन हजार दोन साली एके दिवशी अचानक पुन्हा बोलू लागला. झालं होतं असं की बिघडलेली बॅटरी आणखी बिघडली, ती वाटेतून बाजूला झाली, आणि उन्हाची वीज थेट यंत्राला मिळू लागली. तेव्हापासून तो उन्हात जागा होतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की झोपतो. ही बातमी ऐकून व्यंकटरावांनी बापूसाहेबांना फोन केला.

"बापू, मी पेन्शनीत बसलोय आन् ह्यो परत डूटीवर आला बघ!"

तोवर व्यंकटराव अठ्ठ्याहत्तरचे झाले होते. गुडघे गेलेले. बायको शिवकांताबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या आणि मुलगा बंगळुरात होता. त्या दिवशी फोनवर त्यांनी जाहीर केलं, "आता फोन बंद, कागद बंद. आपलं पुढचं बोलणं व्हईल ते ह्याच्यावरूनच. तवर मी फोन उचलत न्हाई." आणि खरोखरच उचलेनासे झाले. रेडिओवाल्यांचा हट्ट असतो तो असा.

चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, "अहो, देगलूरला यष्टी जाते की. चार तासांत तोंड बघून येताल."

"अगं, यष्टीनं कुणीबी जाईल," बापूसाहेब म्हणाले.

यावर बाईंनी बापूसाहेबांच्या अँटेनावर आपलं लुगडं वाळत घातलं. पडद्याच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून केलेली ती अँटेना लुगडी वाळवायला फार सोयीची होती, आणि या घरात तिचा तेवढाच उपयोग सर्वांना मान्य होता.

बापूसाहेबांना घाई होती. व्यंकटराव थकलेले, उपग्रह त्याहून थकलेला. दोघांपैकी कोण कधी कायमचा गप्प होईल याचा नेम नव्हता. एकदा, एकदाच, अण्णांचा आवाज वरून ऐकायचा आणि आपला त्यांना ऐकवायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. तसं कठीण काही नव्हतं. सकाळी सातच्या आसपास उपग्रह लातूर-देगलूरच्या डोक्यावरून जाई आणि साधारण एक दिवसाआड तो यांच्या संचाला चालणाऱ्या लहरीवर ऐकत असे. एका हातात अँटेना धरून त्याच्या मागे मागे फिरवायची, दुसऱ्या हातात माईक, कानाला हेडफोन. बापूसाहेबांनी सगळी जुळवाजुळव केली, कानटोपी घातली आणि पहिल्याच चांगल्या सकाळी हाक मारण्याआधी कान दिला.

कानात आवाज आला, "बेंझिनच्या रिंगला येऊन चिकटलं कोण? मोठ्यानं!"

आणि शेकडो गळ्यांतून, "नायट्रो ग्रुऽऽप!"

बापूसाहेबांनी हेडफोन काढून बघितला. पुन्हा घातला. बेंझिन चालूच होतं. त्यांना वाटलं, रस्त्यापलीकडच्या क्लासचा आवाज असेल. त्यांनी अँटेना क्लासकडे फिरवली, तर आवाज गेला. आकाशाकडे फिरवली, तर आला. उपग्रह वर चढत गेला तसं बेंझिन खणखणीत झालं, उपग्रह मावळतीला कलला तसं बेंझिन क्षीण झालं, आणि उपग्रह बुडाला तेव्हा बेंझिनही बुडालं. बापूसाहेबांनी कानटोपी काढून हातात घेतली. रसायनशास्त्र वरून येत होतं.

रस्त्यापलीकडे आलोक सरांचे क्लासेस होते. आलोक सर म्हणजे केमिस्ट्री. माणूस हुशार, तोंडाचा गोड, आणि शिकवण्यात असा की दगडालाही समीकरण सोडवावंसं वाटावं. पोरं एवढी झाली की एका हॉलमध्ये मावेनात. मग सरांनी बाजूचं मंगल कार्यालय घेतलं, मागचं जिनिंगचं गोदाम घेतलं. सर एक आणि हॉल तीन. यावर त्यांनी तोडगा काढला तो बिनतारी माईकचा. सर पहिल्या हॉलमध्ये शिकवत आणि बाकीच्या दोन हॉलमध्ये टेबलावर एक-एक लाउडस्पीकर ठेवलेला असे. पोरं त्या लाउडस्पीकरला उठून गुड मॉर्निंग म्हणत. शिक्षकदिनाला त्याला हारही घालत. पण गोदामाच्या पत्र्याखाली आवाज तुटायचा, म्हणून ओळखीच्या एका मेकॅनिकनं माईकच्या यंत्राचा जोर वाढवून दिला आणि वर बांबूला एक तार लावून दिली. तो जोर गोदामात पोचलाच, पण तिथं थांबला नाही. ती लहर नेमकी आमच्या म्हाताऱ्या उपग्रहाच्या कानातली होती. त्याला कुठं माहीत, हा हॅम आहे की केमिस्ट्री आहे? त्यानं आपलं इमानदारीनं ऐकलं ते खाली सांगितलं.

बापूसाहेब त्याच दिवशी सरांकडे गेले.

"या काका, या," आलोक सर उठून उभे राहिले. "चहा सांगू का?"

"चहा नको. तुम्ही आमच्या लहरीवर बोलून राहिलात."

सगळं ऐकून घेतल्यावर सर म्हणाले, "पण काका, रिकामीच होती की ती लहर. मेकॅनिकनं अर्धा तास ऐकून बघितलं. कोणीच नव्हतं."

"तेव्हा तो मावळला असंल."

"कोण?"

"उपग्रह."

बापूसाहेबांनी मग सरांना गायरानाचं उदाहरण दिलं. गावाला गायरान असतं. दुपारी बघितलं तर तिथं एकही ढोर दिसत नाही, म्हणून ते काही पडीक नसतं. सगळ्या गावाची ढोरं तिथं संध्याकाळी येतात. हवेतल्या लहरींचंही तसंच आहे. पोलिसांचा पट्टा वेगळा, विमानांचा वेगळा, मोबाइलवाल्यांचे तर एकराएकरानं, आणि आम्हा हौशी लोकांना जगानं एवढीशी पट्टी सोडलीय. तीसुद्धा रिकामी दिसते म्हणून जो तो कुंपण घालायला बघतो.

"आन् तुम्ही सरकू शकता," बापूसाहेब कळवळून म्हणाले. "तुमचा मेकॅनिक एक स्क्रू फिरवंल. त्या बिचाऱ्याचे कान चौऱ्याहत्तर सालचे हायत. वर जाऊन ते कोण फिरवणार? तो जिता हाय तवर त्याला हीच लहर लागणार."

"काका, तुमचं पटतंय मला," आलोक सर म्हणाले. त्यांचं पटतंय म्हणजे होत नाही, हे लातूरला ठाऊक आहे. "पण सीईटीचं वर्ष आहे. एका म्हाताऱ्या डब्यापायी पोरांचं वर्ष वाया घालवू का मी?"

पोलिसांकडे जाऊनही पाहिलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, आकाशाकडे बोट दाखवून विचारलं, "तो उपग्रह तुमच्या नावावर हाय का?" नाही म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "सर, माझा भाचा गोदामात बसतो. चालू तासात माईक बंद केला तर आमची ताई मला घरात घेणार न्हाई." बारावीच्या वर्षात लातुरात केमिस्ट्रीच्या वाटेला जायची कुणाची छाती नव्हती, आणि बापूसाहेब तर भूगोलाचे.

शेवटी त्यांनी ठरवलं की सरांना घाबरवायचं. भर रस्त्यात, पालक उभे असताना, ते तावातावानं बोलले, "अहो, तुमचा तास उपग्रहावरून जातोय! इकडं इराणपासून तिकडं ब्रह्मदेशापर्यंत ऐकू जातोय! आहात कुठं तुम्ही?"

आलोक सर क्षणभर स्तब्ध झाले. बापूसाहेबांना वाटलं, बसला घाव. पण सरांच्या डोळ्यांत जी चमक आली ती भीतीची नव्हती.

दोन दिवसांत चौकात नवा फ्लेक्स लागला. त्यावर सरांचा हसरा फोटो, मागे निळं आकाश, आकाशात एक भलीमोठी डिश (उपग्रहाचा फोटो छापणाऱ्याकडे नव्हता), आणि खाली ठसठशीत अक्षरं: "लातुरातली एकमेव केमिस्ट्री, थेट उपग्रहावरून!" पालकांची झुंबड उडाली. जिनिंगच्या गोदामाशेजारी चौथा हॉल घ्यावा लागला आणि मेकॅनिकनं यंत्राचा जोर अजून वाढवला. कुणी पालक बापूसाहेबांनाच गाठून विचारू लागले की पोराला उपग्रहाच्या जवळचा बाक मिळेल का. पुढच्या गल्लीतल्या गणिताच्या सरांनी तर निरोप पाठवला की उपग्रहावर कोपऱ्यात जागा असेल तर त्रिकोणमितीसाठी बघावं. बापूसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. आपल्याच तोंडानं आपलं वाटोळं करून घेणं म्हणजे काय, ते त्यांना त्या आठवड्यात कळलं.

तरी त्यांनी हाका मारणं सोडलं नाही. एक दिवसाआड सकाळी कानटोपी घालून ते गच्चीवर उभे राहत आणि बेंझिनच्या आवाजाखालून जीव तोडून ओरडत, "अण्णा! बापू बोलतोय! ऐकू येतंय का?" वरून त्यांचा स्वतःचा आवाज चिरडलेला, तुटका परत येई आणि त्यावर टोल्युइन जाऊन बसे. व्यंकटरावांचं उत्तर कधीच आलं नाही. पोळा गेला, गणपती गेले, घट बसले. अण्णा बरे तर असतील ना? फोन उचलत नव्हते. पण त्यांचा हट्ट मोडून देगलूरला जाणं म्हणजे त्यांचा शब्द मोडणं. बापूसाहेब रात्री जेवता जेवता घास हातात धरून बसून राहत. चंद्रप्रभाबाईंना ते बघवेना.

बाईंना लहरींतलं काही कळत नव्हतं, पण लातूर पुरतं कळत होतं. नवरात्रात आरतीला आलोक सरांच्या पत्नी मृण्मयीबाई शेजारी येऊन बसल्या, तेव्हा चंद्रप्रभाबाई टाळ्या वाजवता वाजवता सहज म्हणाल्या, "बाई, भाग्यवान तुम्ही. सरांचं नाव कुठवर गेलंय! नांदेडची पोरं म्हणे रोज घरी रेडिओ लावून बसतात."

"नांदेडची?" मृण्मयीबाईंची टाळी थांबली.

"वही-पेन घेऊन म्हणे. सगळ्या नोट्स उतरवून घेतात. त्यांना कशाला लागतंय इथं ॲडमिशन!"

हे सगळं बाईंनी उभ्या उभ्या रचलं होतं. नांदेडात कोण काय ऐकतं हे त्यांना मुळीच ठाऊक नव्हतं. पण लातूरच्या क्लासवाल्याला इराणनं ऐकलेलं चालतं, ब्रह्मदेशानं ऐकलेलं चालतं, क्लासच्या धंद्यात स्पर्धा करणाऱ्या नांदेडनं ऐकलेलं चालत नाही. आरती संपायच्या आत मृण्मयीबाई घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी माईक बंद. दुपारी तीन माणसं शिड्या घेऊन आली आणि हॉलमधून कार्यालयात, कार्यालयातून गोदामात अशी जाडजूड वायर ओढू लागली. बांबूवरची तार उतरली. चौकातला फ्लेक्स उतरला आणि त्या जागी दुसरा आला: "आमचे वर्ग शहराबाहेर ऐकू येत नाहीत!" त्यावरही पालकांची झुंबड उडालीच.

पुढच्या चांगल्या सकाळी बापूसाहेबांनी हेडफोन घातला तेव्हा कानात शांतता होती. त्या शांततेत, दूर, उपग्रहाची बारीक शिट्टी. त्यांनी घसा साफ केला आणि हाक मारली.

"अण्णा, बापू बोलतोय लातूरहून. ऐकू येतंय का?"

आणि वरून, हजार-दीड हजार किलोमीटरवरून, व्यंकटरावांचा आवाज आला. म्हातारा, पण ठणठणीत.

"बापू? तू कसा काय? ते सर कुठं गेले?"

"कोण सर, अण्णा?"

"अरे बेंझिनवाले! परवापास्नं पत्ताच न्हाई त्यांचा. आजारी हायत का काय?"

"अण्णा, मी तीन महिने हाका मारून राहिलो तुम्हाला! तुम्ही उत्तर का दिलं न्हाई?"

"म्हंजे मागच्या बाकावरनं कचकच करायचा तो तू व्हतास व्हय?" व्यंकटराव चकित झाले. "मी म्हणलं हे कोण टारगट हाय. अय्यो, सर शिकवून राहिलेत आन् मधी बोलावं कसं माणसानं?"

मग व्यंकटरावच पुढे म्हणाले, "शिवकांता गेल्यापास्नं सकाळचं घरात कुणी बोलत न्हाई रे बापू. ह्यो यायचा. पोरायला हसवायचा. सांगा बघू कोण चिकटलं म्हणायचा. मी हितं खुर्चीत बसून एकटाच उत्तरं द्यायचो. वही केलीय मी. ते अल्डीहाइड अर्धंच ऱ्हायलं बघ..."

आवाज बारीक होत गेला. उपग्रह क्षितिजाखाली गेला.

चंद्रप्रभाबाई चहा घेऊन वर आल्या. "झालं का बोलणं?"

"झालं."

"काय म्हणले अण्णा?"

"तास का बंद पडला, म्हणले."

बाईंना आधी हसू फुटलं. मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला आणि त्या कठड्याशी टेकल्या. देगलूर नांदेड जिल्ह्यात येतं. म्हणजे त्यांनी रचलेली थाप शब्दन् शब्द खरी निघाली होती: नांदेडकडचं माणूस, घरी बसून, वही-पेन घेऊन. फक्त ते पोर नव्हतं.

त्या संध्याकाळी बापूसाहेब पुन्हा आलोक सरांच्या दारात उभे राहिले. या वेळी चपला बाहेर काढून.

"सर, एक विनंती हाय. अल्डीहाइडच्या पुढच्या नोट्स मिळतील का? देगलूरला द्यायच्यात."

"देगलूर?" आलोक सर ताडकन उठले. "म्हणजे नांदेड जिल्हा! मला वाटलंच होतं काका. कुणाच्या क्लासचा आहे तो?"

"क्लासचा न्हाई. पाटबंधाऱ्यातून रिटायर झालेत."

"वय किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"सीईटी देणारेत का?"

"कुठलीच परीक्षा देणार न्हाईत."

आलोक सर खाली बसले. हे गणित त्यांना सुटेना. "मग अल्डीहाइड कशाला पाहिजे त्यांना?"

"अर्धं ऱ्हायलंय म्हणून," बापूसाहेब म्हणाले. मग त्यांनी राहवेना म्हणून सगळंच सांगितलं. खुर्ची, वही, एकट्यानं दिलेली उत्तरं, सर आजारी आहेत का ही चौकशी.

आलोक सरांच्या चार हॉलमध्ये मिळून एवढी पोरं होती, पण सर बोलतात ते परीक्षेला येईल का, यापलीकडे कुणी काही विचारत नसे. शंका विचारायला वेळच नव्हता, त्या चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायच्या असत आणि डबा उघडायची जबाबदारी कुणाकडे होती ते कुणालाच आठवत नव्हतं. सर हळूच म्हणाले, "तुमचा तो उपग्रह परत कधी येतो?"

"परवा. सातला."

परवा पावणेसातला, सकाळच्या बॅचला सराव पेपर सोडवायला बसवून, आलोक सर गच्चीवर हजर. सवयीनं खडू हातात. बापूसाहेबांनी त्यांच्या हाती माईक दिला, बटण दाखवलं, जोर मोजका ठेवला, दर वाक्यानंतर थांबायचं म्हणून बजावलं, कारण पट्टी अरुंद आहे आणि दुसऱ्या कुणाला बोलायचं असेल तर जागा सोडायची असते. बाहेरच्या माणसाला असं इतका वेळ बोलू देणं नियमात कुठवर बसतं, ते बापूसाहेबांनी त्या दिवशी मुद्दाम तपासलं नाही. ते स्वतः अँटेना धरून उभे राहिले.

उपग्रह वर आला. आलोक सरांनी बटण दाबलं, घसा खाकरला आणि सवयीनं म्हणाले, "चला, वह्या काढा सगळ्यांनी."

वरून उत्तर आलं, "काढलीय सर."

सर दचकले. इतकी वर्षं लाउडस्पीकरच्या पलीकडून त्यांना कुणी उत्तर दिलं नव्हतं. मग ते शिकवू लागले आणि असं शिकवलं की बापूसाहेबांनाही अल्डीहाइड थोडंफार कळलं. फ्लेक्स नाही, घाई नाही. मध्ये एकदा कझाकस्तानातला कुणीतरी हाक मारून गेला, त्याला बापूसाहेबांनी घाईघाईनं दोन शब्दांत मोकळं केलं. उपग्रह कलू लागला तेव्हा वरून आवाज आला, "सर, एक शंका हाय. विचारू का?"

आलोक सरांनी बापूसाहेबांकडे बघितलं. सरांचे डोळे भरले होते. "विचारा," ते म्हणाले. "विचारा ना."

शंका अर्धी आली आणि शिट्टी विरून गेली. सर तसेच माईक धरून उभे.

"परत कधी?"

"एक दिवसाआड. परवा."

"परवा सकाळच्या बॅचला सुट्टी देतो मी," आलोक सर म्हणाले. लातुरात, बारावीच्या वर्षात, केमिस्ट्रीच्या बॅचला सुट्टी! खाली रस्त्यात उभ्या एका पालकानं ते ऐकलं आणि तो स्कूटर चालू करायचंच विसरला.

सर उतरून गेले. चंद्रप्रभाबाई वाळत घालायचं लुगडं खांद्यावर टाकून अँटेना मोकळी व्हायची वाट बघत उभ्या होत्या. बापूसाहेबांनी आखडलेला हात सावकाश खाली घेतला. खांदा दुखत होता, पण चेहरा कधी नव्हे इतका निवांत होता.

"तुमचं काही बोलणं झालं का अण्णांशी आज?" बाईंनी विचारलं.

"न्हाई," बापूसाहेब म्हणाले. "तास चालू होता ना."